सरासरी पगार

"लिही, नावासकट लिही," तो म्हणाला. "टोपणनाव नको. फोटोही छापा."

बसस्थानकासमोरच्या कॉफीच्या दुकानात दोघं कोपऱ्यातलं टेबल धरून बसले होते. तिनं वही उघडली. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आठवड्यापूर्वी तिनं चार ओळी टाकल्या होत्या: पत्रकारितेच्या पदवीपायी कर्ज किती झालं आणि पगार किती मिळतो, यावर लेख करतेय, कुणी मोकळेपणानं बोलेल का? सगळ्यांत आधी फोन आला तो याचा. वर्गात त्याला मथळा म्हणायचे. कुठल्याही बातमीला पाच शब्दांत मथळा काढून द्यायचा.

"मीही तिथलीच. तुमच्यानंतर दोन वर्षांनी," ती म्हणाली.

"मग तुला काय नव्यानं सांगायचं! ते माहितीपुस्तक आठवतंय? पान तीन. सरासरी पगार पंचेचाळीस हजार."

"तोंडपाठ आहे."

"बेचाळीस जण होतो आम्ही. कॉलेजनं पगार विचारले तेव्हा पाचच जणांनी कळवले. त्यातला एक संस्थाचालकांचा पुतण्या, काकाच्याच वाहिनीवर नोकरीला. त्याला दीड लाख. बाकीच्या चौघांना एकोणीसच्या आत. घे, काढ सरासरी!"

त्यानं टेबलावर मूठ आपटली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपला कप उचलून हातात धरला.

तिलाही संताप आला, आणि तो खोटा नव्हता. याच पानाला भुलून तिनंही कर्ज काढलं होतं. लबाडांनी आकडा खोटा छापला असता तर एक वेळ कोर्टात खेचता आलं असतं. पण गणित बरोबर होतं, आणि तिला राग त्याचाच यायचा.

"तुमचं कर्ज किती होतं?"

"चार लाख साठ. आता व्याज, दंड धरून सहाच्या वर गेलंय. पहिली नोकरी दैनिकात, पगार चौदा हजार. हप्ता साडेसात, खोलीभाडं सहा. उरलेल्या पाचशेत महिना काढून दाखव मला! वर्षभरानं ते दैनिकही बंद पडलं. मग मी हप्ते थांबवले. नंबर बदलला. खोली दोनदा बदलली."

"आणि आता कुठे असता?"

तो घुटमळला. तिनं वहीत तारीख टाकली. समोरचा अडखळला की मध्ये तोंड घालायचं नाही, आपोआप बोलतो, असं कॉलेजात एका सरांनी शिकवलं होतं. एवढीच एक गोष्ट आजवर तिच्या कामी आली होती.

"ऑनलाइन दुकानाच्या गोदामात," तो म्हणाला. "मिक्सर, चपला, उशांचे अभ्रे, सगळ्यांची वर्णनं लिहितो. दिवसाला ऐंशी. अठरा हजार."

"गोदाम नेमकं कुठलं? तपशील चुकला की लोक सगळंच खोटं धरतात."

त्यानं पत्ता सांगितला. पगार सात तारखेला होतो, हेही सांगितलं. तिनं लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, आणि त्यानं मान डोलावली.

"पक्की पत्रकार आहेस."

"पण इतकं लपून राहिलात, मग आता नाव छापायचा हट्ट का?"

त्याचा आवाज खाली आला. "धाकटी बहीण. तिला त्याच कॉलेजात प्रवेश मिळालाय. शनिवारी अकरा वाजता बाबा बँकेत सही करणार. राहतं घर तारण ठेवून."

"मग त्यांना सांगा ना सरळ."

"कुठल्या तोंडानं? चार वर्षं घरी थापा मारतोय, पंचेचाळीस हजार मिळतात म्हणून. पान तीन खरं आहे, हे बाबांना मीच पटवलंय. आता उलट बोललो तर म्हणतील, बहिणीचं शिकणं याच्या डोळ्यांत खुपतंय. बाबांचा विश्वास फक्त छापलेल्यावर." त्यानं डोळे पुसले आणि स्वतःवरच चिडला. "शुक्रवारी येईल ना गं?"

"माझ्याकडून आज पाचच्या आत जाईल," ती म्हणाली. "शनिवारी तुम्ही घरी असाल?"

"सकाळी आठलाच. पेपर हातात घेऊन उभा राहणार त्यांच्यासमोर."

"मग घरचाही पत्ता देऊन ठेवा."

त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या वहीत लिहून दिला. कॉफीचे पैसेही त्यानंच दिले. ती नको नको म्हणत राहिली, पण तो ऐकेना.

साडेचारला ती ऑफिसात पोचली. टेबलांच्या रांगा, प्रत्येकावर फोन, आणि सगळे एकदम बोलत होते. तिनं वहीतलं सगळं छापील कागदावर नीट उतरवलं आणि साहेबांसमोर ठेवलं.

साहेबांनी चष्मा लावला, पहिल्या चार ओळी वाचल्या आणि हसले.

"शाब्बास! वसुलीची आपली माणसं चौदा महिने याला हुडकतायत. तू एका कॉफीत शोधून काढलास. कोण म्हणतं, तुझी पदवी वाया गेली?"

तो कागद त्यांच्या तोंडावर फेकावा, असं तिला वाटलं. पण तिचा स्वतःचा हप्ता दर महिन्याला याच पगारातून कापून जात होता.

"शनिवारी तो घरी आहे," ती घाईघाईनं म्हणाली. "माणसं तिथंच पाठवा, साहेब. दहाच्या आत. वडिलांसमोर सगळं उघड झालं की लगेच पैसे देईल."

साहेबांनी कागद शेवटपर्यंत वाचला. 'शनिवारी अकरा, बँकेत सही' या तळाच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"दहाला नको," ते म्हणाले. "बारानंतर जाऊ देत. आधी बापाची सही होऊ दे. पोरीचं कर्जही पुढं आपल्याकडेच यायचंय."