पाचला परत

आमच्या हायलँडच्या डोंगराळ मुलुखात डोंगर चढायला निघण्याआधी वाट आणि परतायची वेळ लिहून शेजाऱ्यांकडे चिठ्ठी ठेवतात. कोणी परतलं नाही, तर शोधपथक त्याच वाटेनं निघतं. “लिही,” माझा नवरा रुअरी म्हणाला. “दोघं, उत्तरेची घळ.” “एवढ्याशा डोंगराला सोपी पायवाट आहे की. घळीत बर्फ असेल.” त्यानं माझं डोकं धरून टेबलावरच्या नकाशावर आपटलं. नाकातलं रक्त घळीवरच ठिबकलं. “मला सोडून जाणारेस ना? त्याआधी घळ बघ, राणी. लिही, पाचला परत.” मी लिहिलं. “तोंड धू आणि एफी म्हातारीला देऊन ये.” “पुन्हा पडलीस वाटतं, पोरी?” एफीनं दारातच विचारलं. रुअरी फाटकापाशी उभा. मी तिच्या पेन्सिलीनं चिठ्ठीखाली लिहिलं: ‘एकटा परतला, तर अपघात समजू नका.’ तिनं मला आत ओढून कडी घातली. दारावर लाथ बसली, तेव्हा ती ‘पाचला परत’ खोडत होती.