संयोगिता आत, शर्वरी बाहेर

मुलांनो, कल्पना करा. समोरचा संघ चेंडू घेऊन पळणार की पास देणार, हे आपल्या संघाचं यंत्र आधीच सांगतं. पळणार असेल तर बचावाला धिप्पाड संयोगिता, पास असेल तर चपळ शर्वरी. पण तसलंच यंत्र समोरच्यांकडेही होतं. इकडे मुलगी बदलली की तिकडे बेत बदले, की इकडे पुन्हा मुलगी.

अंतिम सामन्याची दुपार अशीच सरली. चेंडू मैदानाच्या मध्यावरून हललाच नाही. अंधार पडला की निकाल नाणेफेकीवर लागणार होता.

"शर्वरे, ये बाहेर. आता पळणार म्हणतंय यंत्र," संघाचे वस्ताद थकून म्हणाले.

"वस्ताद, परत?" संयोगिता सीमेवर बसलेलीच होती. "आत-बाहेर करूनच मेले मी."

शर्वरी बाहेर आली नाही. समोरच्या दांडगट मुलीला म्हणाली, "घे चेंडू. पळ बघू. मी आता बदलत नाही."