लक्ष कशाने उडतं?

नीलिमाच्या वर्षश्राद्धाला सदाशिवने तिच्या आवडीची अळूची भाजी केली. दहा वर्षांची शाल्मली गणितं सोडवत बसली होती.

"शालू, आईला ही भाजी फार आवडायची. आठवतंय?"

शाल्मलीने पेन्सिल ठेवली, डोळे मिटून तीन श्वास घेतले आणि पुन्हा गणिताकडे वळली.

दीड वर्षापूर्वी ही मुलगी दोन मिनिटं एका जागी बसत नव्हती. तेव्हा शाळेने कपाळाला बांधायची लक्षपट्टी दिली. पालकांनी फॉर्मवर लिहिलेला नको तो विचार आला की पट्टी हलकेच थरथरायची आणि मूल श्वासाकडे परतायचं. फॉर्मवर प्रश्न होता, 'मुलाचं लक्ष कशाने उडतं?' नीलिमा हॉस्पिटलात होती, शालूची परीक्षा तोंडावर होती. सदाशिवने लिहिलं, 'आई'.

आज त्याने शाळेतल्या प्रशिक्षक बाईंना फोन लावला. "बाई, पट्टी तुम्ही दिवाळीतच परत घेतलीत. तरी ती अजून तेच करते."

"मग छानच की! आता तिला पट्टी लागतच नाही. काय शिकलीये हो तुमची पोरगी!"

"ते शिकलेलं पुसता येईल का?"

"अहो, पोहायला शिकलेलं पुसता येतं का कुणाला?"

त्याने फोन ठेवला. भाजी निवली होती. नीलिमाच्या फोटोकडे बघताना त्याचे डोळे भरून आले. शाल्मली उठून जवळ आली आणि तिने त्याचा हात धरला.

"बाबा, विचार आलाय ना? जाऊ दे त्याला. डोळे मिट, मी शिकवते तुला. सोपं आहे."