उभ्या पायाचं माप

"म्हणजे हे सगळे पाय उभ्याने काढलेत?" बारीक मिशीच्या तज्ज्ञांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. "आमच्या नियमावलीत माप बसवून घ्यायचं असं स्पष्ट लिहिलंय."

डॉक्टरीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मधुमेहाच्या संशोधनाला पैसे द्यायचे की नाहीत हे ठरवणारी पाच जणांची समिती समोर बसली होती. वेळ वीस मिनिटांचा. त्यातली चौदा गेलेली, आणि आता हे.

शेजारी सिस्टर बसल्या होत्या, मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन. अठरा वर्षं रुग्णालयाची पायांची खोली त्यांनीच सांभाळली. मधुमेहाचा जो पेशंट येईल त्याला कोऱ्या कागदावर उभं करायचं, पावलाभोवती पेन्सिल फिरवायची, खाली तारीख आणि शेरा. 'चप्पल घट्ट. सांगितलं तर रागावले.' असं करा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. उलट मोठे डॉक्टर विचारायचे, काय सिस्टर, चांभाराचं दुकान काढताय का?

मग गेल्या वर्षी या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी एकेका पेशंटचे कागद एकावर एक ठेवले, आणि बघतच राहिल्या. जिथे जखम झाली होती, तिथे वर्षभर आधीपासून रेघ बाहेर सरकत होती. वर्षभर आधी कळलं असतं तर कितीतरी बोटं वाचली असती. अर्ज होता तो एवढ्यासाठी. तो फेटाळला गेला, की एक तारखेपासून पायांची खोली बंद आणि अठरा वर्षांचे कागद रद्दीत. रुग्णालयाने तसं लेखीच कळवलं होतं.

"बसवून का नाही घेतलंत?" तज्ज्ञांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी टेबलाखालून सिस्टरांचा हात दाबला. मी बोलते, असा त्याचा अर्थ. पण ताकाला जाऊन भांडं लपवणं सिस्टरांना कधी जमलं नव्हतं.

"खोलीत खुर्चीच नव्हती, सर."

समितीत हशा पिकला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. घात केलात सिस्टर, असं डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. सिस्टरांचे कान तापले. एवढी शिकलेली माणसं, आणि आपण आपल्या हाताने पोरीच्या कामावर पाणी फिरवलं.

"मागणी केली होती," त्या तशाच पुढे म्हणाल्या. "दोन वर्षांनी आली खुर्ची. एक-दोघांना बसवून पाहिलं आणि पुन्हा उभं करायला लागले."

"ते का?"

"बसलेला पाय पाहुण्यांसमोरच्या मुलासारखा असतो, सर. अगदी शहाणा. त्याचे खरे गुण अंगावर भार पडल्यावर दिसतात. आणि जखम काय बसलेल्या माणसाला होते का?"

या वेळी कोणी हसलं नाही. तज्ज्ञांनी मिशीवरून बोट फिरवलं. "असा फार फरक पडत नसतो."

"मग बूट काढा."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. अठरा वर्षं हे दोन शब्द म्हणून म्हणून सिस्टरांच्या आवाजात असं काही मुरलं होतं, की भल्याभल्यांचे हात बुटाच्या नाडीकडे जात. तज्ज्ञ वाकले. उजवा बूट निघाला, मोजाही निघाला.

सिस्टर फरशीवर बसल्या. एक कागद तज्ज्ञांना बसवून काढला, एक उभं करून. पेन्सिल सरळ धरलेली. दोन्ही कागद एकावर एक ठेवून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरले. अंगठ्याच्या बुडाशी उभ्याची रेघ अर्धं बोट बाहेर होती.

"इथे बूट चावतो तुम्हाला."

"मुळीच नाही."

"चावतो. तुम्हाला कळत नाही." सिस्टरांनी त्यांच्या पायावर त्याच जागी अंगठा दाबला. तिथे कातडी लाल आणि टणक झाली होती. "दुखलं?"

तज्ज्ञ हळू आवाजात म्हणाले, "दाबलंत का तुम्ही?"

सिस्टरांनी आवाज खाली आणला, पेशंटशी बोलताना आणायच्या तसा. "साखर किती वर्षं आहे?"

"बारा."

"आणि पाय कोणी बघितले?"

ज्याने आयुष्यभर मधुमेहावर भाषणं दिली त्याचे पाय कोण बघणार? सिस्टरांना त्याचा राग आला, आणि मायाही वाटली. त्यांनी नवा कागद घेतला, फरशीवर पसरला आणि म्हणाल्या, "डावा काढा. उभे राहा."

ते अनवाणी उभे राहिले. सिस्टरांनी टाचेपासून सुरुवात केली. टेबलाकडे त्यांची पाठ होती.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "पूर्ण रक्कम, पाच वर्षं," त्या म्हणाल्या. "आणि मापं उभ्यानेच. कोणाकोणाला मान्य आहे?"

चार हात वर गेले. पाचवा सिस्टरांच्या डोक्यावरून गेला, सगळ्यांत उंच. त्या झटक्यासरशी पेन्सिलीखालचा पाय सरकला. डॉक्टरीणबाई तोंडावर हात धरून रडत होत्या. सिस्टरांनी वर बघितलंच नाही.

"हात खुशाल वर करा, सर," त्या म्हणाल्या. "पाय हलवू नका."