वाटणीतले स्पीकर

नांदूरघाटच्या भगवानरावांच्या दोन्ही पोरांची, भागवत आणि जीवनची वाटणी झाली. घराच्या मधोमध भिंत आली आणि स्टिरिओचा एकेक स्पीकर दोघांकडं गेला. रेकॉर्ड प्लेअर तेवढा म्हाताऱ्याच्या पडवीत राहिला.

भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. नवं भांडण नको म्हणून भगवानराव रोज संध्याकाळी आठवणीनं जुन्या मोनो रेकॉर्डीच लावायचे. मोनोत दोन्ही स्पीकरमधून सारखंच, अख्खं गाणं येतं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

काल चष्मा सापडेना आणि हाताला स्टिरिओची रेकॉर्ड लागली. जीवनकडं नुसता तबला वाजायला लागला, गाणाऱ्या बाईंचा आवाज सगळा भागवतकडं. भगवानरावांच्या लक्षात येईपर्यंत जीवन तणतणत भावाच्या दारात पोचला होता.

"माझ्याकडं काहून नुसता तबलाच वाजतोय?"

"गाणं इकडं हाय. बस की."

रेकॉर्ड संपली तरी जीवन उठला नव्हता. भागवतच्या बायकोनं दुसऱ्यांदा चहा टाकला.



आज सकाळी भगवानरावांनी मोनोच्या सगळ्या रेकॉर्डी पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या.