डावीकडे थोडं अजून

"अजून डावीकडे," काका म्हणाले. ते पालथे झोपले होते आणि तोंड टेबलाच्या भोकात होतं, त्यामुळे आवाज विहिरीतून यावा तसा आला.

"काका, माझा हात आहे, पाना नाही," मणकेवाली म्हणाली.

खरं तर ती कायरोप्रॅक्टर. पण तो शब्द उच्चारताना पेशंटांची जीभच लचकायची, म्हणून सगळे तिला मणकेवाली म्हणत. दवाखाना औषधांच्या दुकानावर होता आणि जिना उभा. पाठदुखीवाल्यांची पहिली परीक्षा जिन्यातच व्हायची.

तिने काकांना उठवून स्टुलावर बसवलं. हातांची घडी छातीवर, कंबर जागच्या जागी, फक्त वरचं धड वळवायचं. उजवीकडे ते सहज फिरले. डावीकडे मात्र मध्येच अडकले, पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखे.

"उजवीकडे झकास आहे," ती म्हणाली. "आयुष्यभर स्टिक मागे नेताना याच बाजूला वळलात ना. गोल्फवाल्यांचं असंच. एक बाजू सैल, दुसरीला गंज. तुमच्या खेळाला एवढं पुरे."

"पुरे नाही."

"आणि पाठ सुटली की खेळ सुधारेलच, असं काही मी म्हणत नाही हं. वळणं सोपं होईल, दुखणं जरा कमी होईल. बाकी तुम्ही आणि तुमचा चेंडू."

"रविवारी डावीकडे वळता आलं पाहिजे. बस्स."

या रविवारी त्यांच्या क्लबात बाप-लेकांचा वार्षिक सामना होता. जोडीला चेंडू एकच. एक फटका बापाचा, पुढचा लेकाचा, असं आलटून पालटून. काका आणि त्यांचा लेक दरवर्षी उतरायचे आणि दरवर्षी शेवटून पहिले यायचे.

"लेक काय म्हणतो?" तिने विचारलं.

"त्याचं एक ठरलेलं आहे. म्हणतो, बाबा, चेंडू तुम्ही झाडीत घालायचा आणि मी बाहेर काढायचा, याला जोडी नाही म्हणत, वेठबिगारी म्हणतात."

दोघंही हसली. दाराजवळच्या खुर्चीत बसलेली सून हसली नाही. काकांना गाडीतून आणायचं, न्यायचं काम तिचं. ती गाडीची किल्ली बोटात फिरवत बसली होती.

काका शर्ट घालायला पडद्यामागे गेले, तशी ती पुढे आली.

"मॅडम, त्यांना सांगा ना, पाठ साथ देणार नाही म्हणून. तुमचं ऐकतील."

"पण देईल की साथ."

"तरी सांगा."

"खोटं सांगू?"

"हो."

"अहो, पण का?"

"मला बघवत नाही," ती म्हणाली. "दिवाणखान्यात सतरंजीवर पडून मेले ते व्यायाम. चालायची सोय नाही घरात. आणि आता सगळ्यांसमोर..." वाक्य तिने तिथेच सोडलं.

मणकेवालीने मनातल्या मनात तिचा निकाल लावून टाकला. सासऱ्याचं हसं होईल म्हणून हिला लाज वाटते. नवरा बापाबरोबर खेळतो, आणि पोटात हिच्या दुखतं. म्हाताऱ्याचा एवढासा आनंद, तोही डोळ्यांत खुपावा?

तिच्या स्वतःच्या वडिलांनी लेकीला पाठीला कधी हात लावू दिला नव्हता. वाकलेली पाठ घेऊनच गेले. त्यामुळे काकांसाठी तिचा जीव जरा जास्तच तुटायचा.

तिने जोर लावला. म्हणजे जोर नाहीच, चिकाटी. बरगड्यांमागचे आखडलेले सांधे एकेक करून मोकळे केले. कुशीवर झोपून वरचा हात पुस्तकाच्या पानासारखा उलटायला शिकवलं. आधी डावीकडे वळून काकांना भिंतीवरचं कॅलेंडर दिसायचं, मग खिडकीची चौकट. शनिवारी त्यांनी रस्त्यापलीकडची न्हाव्याची पाटी मोठ्याने वाचून दाखवली आणि उगाचच डोळे पुसले.

"या उद्या बघायला," ते म्हणाले. "पाठ तुमच्या हातची आहे."

ती गेली. गवत अजून ओलं होतं. कडेच्या बाकावर सून एकटीच बसली होती. मणकेवाली तिच्या शेजारी बसली, पण अंतर राखून.

काका आले ते दोन्ही खांद्यांवर एकेक पिशवी घेऊन, दोन्ही स्टिकांनी भरलेल्या. लेकाने बापाला हमाल केलंय की काय, असं तिच्या मनात आलं. इतक्या मेहनतीने सोडवलेली पाठ, आणि हे ओझं.

"मिस्टर कुठे आहेत तुमचे?" तिने जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

सुनेने मैदानाकडे बोट दाखवलं.

काकांनी एका पिशवीतून स्टिक काढली, उजवीकडे वळले आणि चेंडू मारला. तो सरळ झाडीत गेला. दोन्ही पिशव्या उचलून ते एकटेच तिथवर चालत गेले. मग त्यांनी दुसरी पिशवी उघडली. त्यातली स्टिक घेतली आणि चेंडूच्या पलीकडे जाऊन उलट्या बाजूने उभे राहिले. हळूहळू, तिने शिकवलं होतं तसे, पूर्ण डावीकडे वळले. बाकीच्या जोड्या आपला खेळ थांबवून बघत होत्या.

"ह्यांच्या स्टिका आहेत त्या," सून म्हणाली. "डावखुरे होते ना हे. गेल्या थंडीत हे गेले, तेव्हापासून पिशवी कुणी उघडली नव्हती. बाबांनी क्लबाची परवानगी काढली, दोघांचे फटके आपण एकट्यानेच मारायची."

चेंडू झाडीतून बाहेर आला.

"परवा अंगणात सराव करत होते, पाठमोरे. वळले ते थेट ह्यांच्यासारखे. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, 'अहो, आज लवकर आलात?'"