हादरे मोजणारं यंत्र

मुलांनो, कल्पना करा, तुमच्या गावाखाली खूप खोलवर तापलेला खडक आहे. तिथवर भोक पाडलं, तर पोहण्याच्या तलावाला बारा महिने गरम पाणी मिळेल. पण त्या खोदकामाने घरं हादरली तर?

एका घरात यावरून रोज खडाजंगी व्हायची. बाबा खोदकामाचे तज्ज्ञ, तर आत्या विरोध करणाऱ्यांची पुढारी.

"ताई, खडक कुठे, तुझी खोली कुठे! कपातला चहासुद्धा हलणार नाही."

"मग ठेव तुझं यंत्र माझ्या खोलीत! हादरे दिसले, तर तू गाशा गुंडाळायचास."

चाचणीचं खोदकाम सुरू झालं आणि हादरे मोजणारं यंत्र आत्याच्या खोलीत जमिनीवर विराजमान झालं. घरातल्या छोटीचा जीव मात्र टांगणीला लागला. तिला गरम पाण्यात पोहायचं होतं, पण घराला तडे गेलेलेही नको होते. खरं काय ते तिला कळायलाच हवं होतं.

दुपारी तिने दारातून डोकावलं, तर आत्या यंत्राशेजारी धापा टाकत दोरीवरच्या उड्या मारत होती. संध्याकाळी पुन्हा डोकावलं, तर बाबा यंत्राखाली हळूच गादी सरकवत होते.

 

छोटीने यंत्र उचललं आणि थेट शेजारच्या आजोबांच्या घरी नेऊन ठेवलं, कारण त्यांचं अख्ख्या गावात कोणाशीच पटत नव्हतं.